नोकरी सोडू नका, पेटीही विकू नका

आपल्या समाजातील तरुणाला आज दोन उपदेश एकाच वेळी ऐकावे लागतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "नोकरी लागली ना? मग आता ती पेटी, ते नाटक आणि त्या कविता पुरे झाल्या. संसाराकडे बघ." बाहेरचे जग, विशेषतः यशस्वी माणसांच्या मुलाखतींवर पोसलेले जग, त्याच्या कानात सांगते, "कलेवर खरे प्रेम असेल तर नोकरीवर लाथ मार. एक पाय इथे आणि एक पाय तिथे ठेवणारा कधी कलावंत होत नाही." हे दोन उपदेश परस्परांचे शत्रू भासतात. प्रत्यक्षात दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही की पोटाचे काम आणि मनाचे काम एका आयुष्यात नांदू शकत नाही. ही समजूत आम्हांला सर्वस्वी अमान्य आहे. ती खोटी आहे, आपल्या परंपरेला सोडून आहे आणि आपल्या घरांचे व धर्मग्रामांचे मोठे नुकसान करणारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न नेहमी मुंबई-पुण्याच्या सोयीने मांडला जातो. आम्ही तो दुधनीच्या सोयीने मांडू इच्छितो. दुधनी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील हे स्थानक ओलांडले की गाडी कर्नाटकात शिरते. येथील बाजार समितीत तूर, मूग, उडीद यांच्या राशी पडतात. घरात कानडी, शाळा-कचेरीत मराठी आणि बाजारात या दोहोंबरोबर दखनी, अशी येथील माणसाची जीभ त्रिवेणी आहे. अडत दुकानातील मुनीम, तोलार, हमाल, रेल्वेचे कर्मचारी, प्राथमिक शिक्षक, नगरपरिषदेचे कारकून, पतसंस्थेतील लेखनिक, अशा माणसांवर असे गाव चालते. कलेबद्दल दरमहा पगार देणारी संस्था अशा गावात नसते. म्हणून येथील मुलाला "कलेसाठी नोकरी सोड" असे सांगणे म्हणजे वस्तुतः "गाव सोड" असे सांगणे होय. आणि "नोकरीसाठी कला सोड" असे सांगणे म्हणजे गावच मुके करणे होय. कारण सीमेवरच्या या पट्ट्यात जत्रेच्या रात्री जे नाटक उभे राहते, सप्ताहात जे भजन रंगते, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला जी गीते गायली जातात, ती सारी दिवसा दुसरे काम करणाऱ्या माणसांची निर्मिती असते. ती माणसे थांबली की जत्रेत ध्वनिक्षेपक उरतो आणि देवळात ध्वनिफीत.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या मताचा विचार करू. त्यांच्या काळजीला आम्ही नावे ठेवत नाही. ज्या पिढीने दुष्काळ पाहिला, सोलापुरातील गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद होताना ऐकले, त्या पिढीला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार ही देवाची कृपा वाटते, आणि ती तशी आहेही. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. पगार सुरू झाला म्हणजे छंद हा चैनीचा विषय झाला, किंबहुना बेजबाबदारपणाचे लक्षण झाले, हा निष्कर्ष त्यांनी कोठून काढला? त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याने तर नेमके उलटे शिकवले आहे.

माढा तालुक्यातील अरण हे सावता महाराजांचे गाव. तेराव्या शतकातील हा संत माळी होता आणि अखेरपर्यंत माळीच राहिला. मळा सोडून तो पंढरपूरला गेला नाही. विठ्ठलच त्याच्या मळ्यात आला, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याचे मोजकेच अभंग आपल्यापर्यंत पोहोचले, पण त्यांतील भाषा वाफ्याची, भाजीची आणि मोटेची आहे. मळा नसता तर ते अभंगही नसते. पंढरपुरात नरहरी सोनार होते, पलीकडे तेरला गोरोबा कुंभार होते, आणि नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई होती. त्याही आधी, बाराव्या शतकात, सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला आणि कानडीत वचने रचली. दुधनीची माती ज्या शरण परंपरेशी कानडीतून बोलते, तिच्यातील वचनकार तर आपल्या व्यवसायासह नावाने ओळखले जातात. अंबिगर चौडय्या नावाडी होता, मडिवाळ माचिदेव परीट होता, नुलिय चंदय्या दोर वळीत असे. कष्ट करणे हीच उपासना, आणि त्या कष्टांच्या कडेकडेने वचन, हा त्यांचा दिनक्रम होता.

येथे एक भेद सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या श्रमाला आम्ही या मालिकेत आदर्श म्हणून बसविणार नाही. वेठबिगारीने गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून ते गेले. ते काम त्यांच्यावर लादलेले होते. त्यांनी त्यातही अभंग रचले हे त्यांचे मोठेपण. पण त्यावरून "कष्ट कितीही असोत, खरा कलावंत रचतोच" असा सिद्धांत काढणे म्हणजे अन्यायाची तरफदारी होय. आमचा आग्रह स्थिर, न्याय्य आणि मर्यादित तासांच्या नोकरीबद्दल आहे. जेथे ती मर्यादाच नाही, तेथे आधी तिच्यासाठी झगडावे लागेल. त्याविषयी पुढे लिहितो.

आता दुसऱ्या उपदेशाकडे वळू. "सर्वस्व पणाला लाव" हा मंत्र फार आकर्षक आहे. त्याचा दोष असा की तो जिंकलेल्यांच्या तोंडून ऐकू येतो. हरलेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही. पण क्षणभर मानू की नोकरी सोडून एखादा पोट भरण्यापुरते कमावू लागला. त्याच्या कलेचे काय होते? ज्याला महिन्याचे घरभाडे गाण्यावर भागवायचे आहे, त्याला वरातीत मागतील ते गावे लागते. ज्याला लेखनावर दूध आणि किराणा आणायचा आहे, त्याला खपेल ते लिहावे लागते. यात कमीपणा काहीच नाही. कष्टाची कमाई ती कष्टाचीच. परंतु हे स्वातंत्र्य आहे असे कोणी म्हणू नये. या व्यवस्थेत मालक बदलतो एवढेच, आणि नवा मालक जुन्याहून लहरी असतो. उलट ज्याची चूल पगारावर पेटते, तो आपल्या वहीत कोणाची खुशामत न करता लिहू शकतो. त्याला नकार देता येतो. आम्हांला कलावंताचे हे सर्वांत मोठे भांडवल वाटते.

नारायण सुर्वे यांचे उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये. त्यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली आणि पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह निघाला, १९६६ साली 'माझे विद्यापीठ'. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. गिरणी आणि शाळा यांनी सुर्व्यांची कविता खाल्ली असे कोण म्हणेल? ती कविता तेथूनच आली. परदेशातही असेच दिसते. फ्रान्झ काफ्का प्राग शहरातील कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरीस होता आणि रात्री लिहीत असे. त्याने या ओढाताणीबद्दल पुष्कळ तक्रारही केली आहे, आणि ती तक्रार आम्ही लपवू इच्छित नाही. दोन्ही सांभाळणे सुखाचे असते असा आमचा दावा नाही. ते शक्य असते, आणि फलदायी असते, एवढाच आहे.

आपल्या ख्रिस्ती परंपरेत तर याची साक्ष पहिल्या शतकापासून आहे. संत पौल करिंथ येथे अक्विला व प्रिस्किला यांच्या घरी राहून तंबू शिवण्याचे काम करीत होता, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. संत लूक वैद्य होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि सुमारे चाळीस वर्षे तेथेच राबले. महाविद्यालयाचा कारभार, धर्मग्रामांची सेवा, लोकांचे तंटे, हे सारे पाहत त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. मराठीतील हा ग्रंथ कोणा रिकामटेकड्याच्या फुरसतीतून जन्मला नाही. आपल्याच काळातले पाहा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मगुरूपद सांभाळून दीर्घकाळ 'सुवार्ता'चे संपादन केले, वसईच्या हिरवाईसाठी लढा दिला, ग्रंथ लिहिले. आणि २०२० साली, आपल्या सोलापूरच्या शेजारी उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी, १९४० नंतरच्या जर्मन अमलात, क्राकोव येथे आधी दगडाच्या खाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात मजुरी करीत होते. त्याच दिवसांत ते मित्रांच्या घरी गुप्तपणे नाटकांच्या तालमी करीत. १९९९ साली त्यांनी जगातील कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले, तेव्हा त्या पत्रामागे कामगाराचे हात होते.

तिसरा एक उपदेश अलीकडे बोकाळला आहे आणि तो पहिल्या दोहोंपेक्षा अधिक घातक आहे. "छंद आहे ना? मग त्यातून चार पैसे काढ." मुलगी सुरेख चित्र काढते, हे ऐकताच पाहुणे विचारतात, "विकतेस का?" मुलाने गीत म्हटले की विचारतात, "किती लोकांनी पाहिले?" भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रत्येक गोष्टीला आकडा चिकटलेला असतो, त्यामुळे आकड्याविना एखादी गोष्ट मोलाची असू शकते हे आपण विसरत चाललो आहोत. छंदातून कोणाला मिळकत झाली तर आम्हांला आनंदच आहे. पण मिळकत होत नाही म्हणून छंद व्यर्थ ठरविणे हा आत्म्याचा हिशेब अडत दुकानाच्या वहीत मांडण्याचा प्रकार आहे. ज्या माणसाचे आठ तास बाजाराने घेतले, त्याचे उरलेले दोन तासही बाजाराच्या स्वाधीन करावेत, असा हा उपदेश आहे.

आता तासांविषयी. "वेळच कोठे आहे?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला केवळ पहाटे उठण्याचा सल्ला हे उत्तर नव्हे. मोकळा वेळ ही कोणी सहज दिलेली भेट नाही, ती झगडून मिळवलेली वस्तू आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनी. हे लोखंडे स्वतः एका गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेले आणि 'दीनबंधु' हे पत्र मुंबईतून चालविणारे, म्हणजे नोकरी आणि लेखणी या दोन्ही वाटा चाललेले गृहस्थ होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. १९५३ च्या कायद्यातून कामगार कल्याण मंडळ उभे राहिले आणि पुढे त्याच्या नाट्यस्पर्धांतून यंत्रावर काम करणारी माणसे रंगमंचावर आली. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांनी तर सरकारी सेवकाला स्पष्ट मोकळीक दिली की, कर्तव्यात बाधा येणार नसेल तर प्रासंगिक स्वरूपाचे वाङ्मयीन, कलात्मक वा शास्त्रीय काम त्याने पूर्वपरवानगीवाचूनही करावे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला.

हा सारा इतिहास सांगण्याचा हेतू असा की, जो कारकून, जो शिक्षक आज आपली सुटी पडद्यावर बोट फिरवीत घालवतो, त्याने ती कोणाच्या श्रमांनी मिळाली याचे स्मरण ठेवावे. आणि ज्याला अजूनही सुटी नाही, म्हणजे दुकानातील नोकर, खासगी सुरक्षारक्षक, बारा तास राबणारा चालक, त्याला "छंद जोपास" असे प्रवचन देण्यापूर्वी त्याच्या मालकाला प्रवचन द्यावे. आपल्यापैकी काही जण स्वतः मालक आहेत. रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसून दुकानातील पोराला मात्र त्याच दिवशी राबवणाऱ्यांना आम्ही विचारतो: तुमच्या विश्रांतिदिनात त्याचा वाटा का नाही?

या हिशेबातून आणखी एक व्यक्ती नेहमी सुटते. ती म्हणजे घरातील स्त्री. पती कचेरीतून येऊन तबला घेऊन बसला की आपण त्याला रसिक म्हणतो. त्याची पत्नीही नोकरी करून आलेली असते, पण ती स्वयंपाकघरात जाते. पतीचे 'संतुलन' तिच्या वेळेतून फेडले जात असेल, तर त्या संतुलनाचे गोडवे आम्ही गाणार नाही. बहिणाबाई चौधरी यांची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली. त्यांना अक्षरओळख नव्हती. पुत्र सोपानदेव व आप्तांनी ती उतरवून ठेवली म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, ती ग्रंथरूपाने महाराष्ट्राला मिळाली. कोणी उतरवून घेतली नाहीत म्हणून जात्याबरोबरच संपलेली गाणी किती असतील? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण अभिमानाने आपली म्हणतो. मग आपल्या घरातील लक्ष्मीबाईला दररोज एक तास आणि एक टेबल मिळते काय, हे प्रत्येक पुरुषाने स्वतःला विचारावे.

नोकरीच्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत, ती टाळून चालणार नाही. छंदाच्या नावाखाली कचेरीचा वेळ चोरणारा मनुष्य दोन्हीकडे खोटा ठरतो. शिक्षकाने वर्गाला धडा वाचायला बसवून आपली एकांकिका लिहिली, कारकुनाने खिडकीशी रांग उभी असताना गीताची चाल बसवली, तर त्या कलेची किंमत रांगेतल्या शेतकऱ्याने मोजली असे होईल. आठ तास पूर्ण द्यावेत, आणि मग आपले दोन तास निःसंकोचपणे घ्यावेत. ते दोन तास रोज मिळतीलच असे नाही. तुरीच्या हंगामात मुनिमाला श्वास घ्यायला फुरसत नसते. परीक्षेच्या दिवसांत शिक्षकाला नसते. हंगाम ओळखून काम करणे हे शेतकऱ्याच्या मुलांना शिकवावे लागत नाही. आषाढात रान पडीक दिसते म्हणून कोणी जमीन विकत नाही. तसेच सहा महिने वही उघडली गेली नाही म्हणून आपण संपलो, असे मानण्याचे कारण नाही. पेटी झाकून ठेवता येते. विकलेली पेटी मात्र सहसा परत घरात येत नाही.

मग करावे काय? केवळ टीका करून थांबणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. पालकांनी एवढे करावे, की मुलाला नोकरी लागली त्या दिवशी त्याच्या छंदाचा निरोपसमारंभ करू नये. पहिल्या पगारातून पेटीचा भाता दुरुस्त करून घ्यावा. विवाह ठरविताना मुलीचे शिक्षण आणि पगार विचारतो, त्याच बैठकीत ती गाते की लिहिते, आणि पुढे गाऊ-लिहू शकेल काय, हेही विचारावे. धर्मग्रामातील सभागृहाची किल्ली आठवड्यातून एक संध्याकाळ गाणाऱ्या, लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या माणसांच्या हाती द्यावी; त्यासाठी वर्गणी लागत नाही, फक्त दिवा लागतो. सणाला बाहेरून वाद्यवृंद बोलावण्याआधी आपल्या गायकवृंदाला तीन महिने अगोदर सांगावे. सोलापूर जिल्ह्यासारख्या भागात आपली घरे विखुरलेली आहेत. एका घरातली पेटी बंद पडली की कित्येक मैलांच्या टापूतील उपासना सुरांना पारखी होते. शहरातल्या श्रीमंत धर्मग्रामाला हे जाणवत नाही, लहान गावाला लगेच जाणवते.

आणि ज्यांच्यासाठी हा लेख लिहिला, त्या तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे. नोकरीला तुरुंग म्हणू नका, तिच्यामुळे तुमच्या घरात दोन वेळचे अन्न येते आणि तुमच्या शब्दाला मिंधेपण येत नाही. छंदाला पोरखेळ म्हणणाऱ्यांपुढे मान खाली घालू नका, कारण प्रभूने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाचे पुढे काय झाले, हे त्या वडीलधाऱ्यांनीच तुम्हांला लहानपणी शिकविले आहे. त्या दृष्टांतातील धन्याने सेवकांना सारखी नाणी दिली नव्हती, हेही लक्षात असू द्या. ज्याच्याकडे दिवसाचे दहा तास आहेत त्याचा हिशेब वेगळा, ज्याच्याकडे रविवारची एक दुपार आहे त्याचा वेगळा. पण हिशेब प्रत्येकाकडून मागितला जाईल. तेव्हा या आठवड्यातली आपली दुपार कोणती, ते आजच घरात सांगून ठेवा, आणि घरच्यांनी तिच्यावर दुसरे काम टाकू नये.